लव्हाळा मुद्दाम लावायचाय, हसू नका (नाशिक)

मागचं_अंगण | १४ मे, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. पाथर्डी फाट्याजवळ आमचं रो-हाऊस आहे. मागे सहा बाय नऊ फुटांचा तुकडा असा आहे की जुलैत पाणी साचलं की दिवाळीपर्यंत चप्पल रुतते. माती काळी, उतार आमच्याकडे आणि शेजारच्या गच्च्यांचं पाणीही नेमकं तिथेच. पपई कुजली, लिंबू पिवळं पडून गेलं, कढीपत्त्यानं दोन पावसाळे काढले आणि तिसऱ्यात मान टाकली. घरच्यांचं म्हणणं, ट्रॅक्टरभर मुरूम टाका, वर पेव्हर ब्लॉक बसवा, विषय संपला.

माझं आजोळ निफाड तालुक्यातलं. तिथे पाटाच्या कडेला डोक्याएवढी उंच लव्हाळी असायची. काडी सोलली की आतून भेंडासारखा पांढरा गाभा निघायचा, त्याची आम्ही बैलगाडीची चाकं करायचो. जिथे पाणी हटत नाही तिथे पाण्यात राहणारंच काहीतरी लावावं असं आता डोक्यात बसलंय. कुणी घरी लावलीय का? कुठून आणायची, कशी ठेवायची? आणि सगळं अंगण तर खाणार नाही ना?

बोदावरचा | १५ मे, सकाळी ६.१०

अहो दादा, तुम्हाला वेड लागलं का? दिंडोरी तालुक्यात चार एकर द्राक्षबाग आहे माझी. माझ्या आज्यापासून आम्ही लव्हाळा काढतोय, अजून संपला नाही. वरून उपटला की पात तुटते आणि गाठ खालीच राहते. एका गाठीला दोरा, दोऱ्याला दुसरी गाठ, अशी माळच असते. रोटर मारला की माळ तुटते आणि झोपलेल्या सगळ्या गाठी जाग्या होतात. बोदावर, म्हणजे वेलींखालच्या उंच वरंब्यावर, मल्चिंग पेपर टाकला तर तो फोडून सुईसारखं टोक वर. तुम्हाला पैसे देऊन लावायचाय? या, फुकट नेऊन टाका, ट्रॉली मी भरून देतो.

उटणं_आणि_बरंच | १५ मे, दुपारी १.२५

बोदावरचा दादा, त्याच गाठी वाळवून आम्ही दिवाळीला उटण्यात घालतो बरं! नागरमोथा म्हणून काष्ठौषधीच्या दुकानात पैसे मोजून आणावा लागतो. ताजी गाठ चाकूनं कापून वास घेऊन बघा, काय सुगंध असतो! तुमच्या ट्रॉलीतली एक पाटी मला.

बोदावरचा | १५ मे, दुपारी १.४०

ताई, पाटी नाही, वावरच घ्या.

निवृत्त_मास्तर | १५ मे, रात्री ९.०५

धागाकर्ते आणि बोदावरचा, तुम्ही दोघं एकच नाव घेऊन दोन वेगळ्या वनस्पतींबद्दल बोलताय. वनस्पतीशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

'लव्हाळा' हे आपल्याकडे एका झाडाचं नाव नाही, कुटुंबाचं नाव आहे. शास्त्रात या कुटुंबाला सायपरेसी म्हणतात आणि जगभरात त्यात पाच हजारांवर जाती आहेत. गवतासारखं दिसलं तरी हे गवत नव्हे. ओळखायचं असेल तर काडी अंगठा आणि तर्जनी यांत धरून फिरवा. गवताची काडी गोल, सहसा पोकळ, तिला पेरं असतात आणि ती सहज फिरते. लव्हाळ्याची काडी बहुधा तिधारी, भरीव, बिनपेऱ्याची. फिरवताना बोटांना तीन कडा लागतात. पानंही तीन रांगांत निघतात, वरून पाहिलं तर तिकोनी चांदणीसारखी दिसतात. गोल काडीच्याही काही जाती आहेत, म्हणून 'बहुधा' म्हटलं.

बोदावरचा यांचा शत्रू म्हणजे सायपरस रोटुंडस, म्हणजेच उटण्यातला नागरमोथा. जेमतेम गुडघ्यापर्यंत वाढतो. जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांत त्याचं नाव पहिलं घेतात. त्यांची तक्रार शंभर टक्के खरी आहे. त्याला ओल चालते, पण उभ्या पाण्यात राहणं हा त्याचा स्वभाव नाही.

धागाकर्त्यांना आठवतेय ती उंच, जाड तिधारी काडी आणि भेंडासारखा गाभा. माझ्या अंदाजानं तो कसेरू असावा, काही भागांत कचेरा म्हणतात. शास्त्रीय नाव ॲक्टिनोस्किर्पस ग्रॉसस, जुन्या पुस्तकांत स्किर्पस ग्रॉसस. दीड-दोन मीटर उंच, शेंड्याला तपकिरी कणसांचा फांद्याफांद्यांचा तुरा आणि तुऱ्याखाली पानासारखी तीन लांब छदं. यालाही जमिनीखाली धावणारे फुटवे आणि टोकाला गड्डे येतात, म्हणून 'अंगण खाणार नाही ना' या प्रश्नाचं उत्तर: मोकळं सोडलं तर खाईल.

आणि हो, कचेरा म्हणजे उटण्यातला कचोरा नव्हे. तो हळदीच्या घरातला. यावरून वर्गात दरवर्षी गोंधळ व्हायचा.

गोदेकाठी | १५ मे, रात्री ९.३०

मास्तर, दंडवत. वाखु (वाचनखूण) साठवली.

मागचं_अंगण | १९ मे, संध्याकाळी ७.१५

मास्तर, मनापासून आभार. बोदावरचा, तुमची ट्रॉली तूर्तास नको.

काल हायवेलगतच्या एका नर्सरीत गेलो. 'पाण्यातला देशी लव्हाळा आहे का' विचारलं तर लगेच 'आहे ना साहेब' म्हणून कुंडी पुढे केली. अडीचशे रुपये. हिरव्या काड्या, प्रत्येक काडीच्या डोक्यावर छत्रीच्या काड्यांसारखी गोल पसरलेली पानं. आणलं. घरी येऊन काडी फिरवली तर कडा काही नीट लागेनात. हाच का तो?

निवृत्त_मास्तर | १९ मे, रात्री ८.५०

छत्री म्हणालात तिथेच उत्तर आलं. हा अंब्रेला पाम. पाम नव्हे, लव्हाळ्याच्याच कुटुंबातला, पण मूळ गाव आफ्रिका आणि मादागास्कर. वाईट झाड नाही. डोकं कापून, पानं थोडी छाटून पाण्यात उलटं ठेवलंत तर पंधरा दिवसांत मुळं फुटतील, मुलांना दाखवायला छान. फक्त देशी नाही. कुंडीतच ठेवा, नाल्यात टाकू नका.

सातपूरकर | १९ मे, रात्री ९.१२

अडीचशेत आफ्रिका. स्वस्तात सहल झाली.

पाणपक्षी | २० मे, सकाळी ७.३०

आता कुणी तरी नांदूरमध्यमेश्वरहून उपटून आणा असं सुचवण्याआधी लिहितो: तिथून काडीसुद्धा आणू नका. ते वन्यजीव अभयारण्य आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिथली वनस्पती परवानगीशिवाय काढता येत नाही. गोदावरी-कादवा संगमावरच्या बंधाऱ्यामागे जे पाणथळ तयार झालं ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, २०२० च्या जानेवारीत जाहीर झालं. तिथल्या लव्हाळ्यात आणि पाणकणसात जांभळ्या पाणकोंबड्या राहतात. एका पायात काडी धरून, सोलून, आतला कोवळा गाभा खाताना बघितल्यात का कधी? धागाकर्त्यांच्या बैलगाडीच्या चाकांची आठवण झाली.

आजोळ निफाडकडे आहे ना? मग मामांच्या बांधावरच्या चारीत, मालकाला विचारून, एक गड्डा घ्या. एकच. आणि पाणकणीस म्हणजे लव्हाळा नव्हे. ते उदबत्तीसारख्या तपकिरी कणसाचं, चपट्या पानांचं. घरी आणलंत तर कसेरू परवडला म्हणाल.

ड्रमवाली_ताई | २० मे, रात्री ११.०५

वाचत होते, आता राहवत नाही. मखमलाबाद रस्त्याला आमच्याकडे सात वर्षं कसेरू आहे. चुका सगळ्या करून झाल्यात, त्या तुम्ही करू नका म्हणून लिहितेय.

सर्वांत आधी, जमिनीत लावू नका. बिनभोकाचं भांडं हवं. मी दोनशे लिटरचा निळा ड्रम आडवा मधोमध कापून दोन टब केले. रसायनाचा नको, खाद्यतेलाचा किंवा गुळाच्या पाकाचा बघून घ्या आणि तरी तीनदा धुवा. हा टब जमिनीत पुरायचा, काठ चार बोटं वर ठेवायचा. काठ जमिनीच्या पातळीला ठेवला तर फुटवा उडी मारून बाहेर पडतो, हे मी दुसऱ्या वर्षी पाहिलं. प्लॅस्टिकचा पातळ कागद अंथरून त्यावर माती, हा प्रकार अजिबात नको. टोकं किती तीक्ष्ण असतात ते बोदावरचा दादांनी लिहिलंच आहे.

माती साधी काळीच, तीन घमेली मातीला एक घमेलं वाळू. शेणखत, गांडूळखत काहीही घालू नका. मी पहिल्या वर्षी प्रेमानं दोन घमेली शेणखत घातलं आणि महिनाभर हिरवं, वास मारणारं पाणी सांभाळलं. माती भरली की वर दोन इंच धुतलेली खडी, म्हणजे पाणी ओतताना चिखल उठत नाही.

गड्डा लावताना सरळ उभा खुपसायचा नाही. टबाच्या एका कडेला, जरा तिरका, कोंब समोरच्या कडेकडे तोंड करून. तो त्याच दिशेनं चालत जातो, त्याला चालायला जागा द्या. पहिले पंधरा दिवस पाणी फक्त चिखलाएवढं. नवी पात वीतभर झाली की हळूहळू दोन-तीन इंच उभं पाणी. लावायची वेळ म्हणजे जूनचे पहिले दोन पाऊस झाल्यावर. आत्ता मेमध्ये आणलात तर सावलीत बादलीत ठेवा.

ऊन पाच-सहा तास हवंच. सावलीत जगतो पण काड्या लोळतात आणि तुरा येत नाही.

नळाचं पाणी एक रात्र ठेवून घालते. बोअरचं घातलं तर काठावर पांढरे क्षार धरतात, झाडाला मात्र काही झालेलं दिसलं नाही. एप्रिल-मेमध्ये दोन दिवसांत इंचभर पाणी उडतं. गावाला जाणार असाल तर टब काठोकाठ भरा आणि शेजाऱ्यांना चावी देऊन जा.

थंडीत पात शेंड्याकडून पिवळी पडते. निफाडकडचा पारा उतरला की आमच्याकडेही ती सुकते. घाबरू नका, खत घालू नका. फेब्रुवारीच्या शेवटी सगळ्या जुन्या काड्या कापायच्या, पण पाण्याच्या वर वीतभर ठेवून. हे मुद्दाम सांगतेय कारण मी एकदा स्वच्छतेच्या भरात पाण्याखालून कापल्या. काडीतल्या पोकळ्यांतून खाली मुळांना हवा जाते. तोंडं पाण्याखाली गेली, नळ्या भरल्या आणि अर्धा टब कुजला.

त्या कुजलेल्या टबानंच एक गोष्ट दाखवली. उपसला तेव्हा मधली माती काळीकुट्ट, सडक्या अंड्याचा वास. पण जिथे जिवंत मुळं होती तिथे प्रत्येक मुळाभोवती गंजासारखा नारिंगी पापुद्रा. आधी वाटलं रोग. मग कळलं की मुळांतून झिरपलेल्या हवेनं चिखलातल्या लोहाला गंज चढलाय. चिखलात बसून झाड स्वतःपुरती हवा खाली नेतं. मी अर्धा तास ती मुळं धुऊन बघत बसले होते, भाकरी करपली.

दर दोन-तीन वर्षांनी जूनमध्ये उपसून विभागणी. दोन-तीन कोंब असलेला तुकडा ठेवायचा, बाकीचं वाटायचं किंवा वाळवून जाळायचं. ओढ्यात फेकायचं नाही. पात सोलताना हातमोजे घाला, उलटं बोट फिरवलं की कापतं.

तिसरा_मजला | २१ मे, सकाळी ८.१५

सगळं छान आहे. पण डास? आमच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी तीन जणांना डेंग्यू झाला. उघड्यावर टबभर स्वच्छ पाणी ठेवायचं आणि त्याला निसर्गप्रेम म्हणायचं, हे मला पटत नाही.

सातपूरकर | २१ मे, सकाळी ८.४०

आला का खडा. लागवडीचा धागा आहे, आरोग्य खात्याचा नाही.

ड्रमवाली_ताई | २१ मे, सकाळी ९.२०

सातपूरकर, तिसरा मजला यांचं बरोबर आहे, चिडू नका. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो. माझ्या टबात पाच-सहा गप्पी मासे आहेत. हिवताप विभागातून मिळतात, अळी दिसायच्या आत खातात. फक्त ते परदेशी आहेत, म्हणून पावसाळ्यात टब वाहून नाल्यात जाणार नाही याची काळजी घ्या आणि 'पुण्य' म्हणून गोदेत सोडू नका. मासे असतील तर निंबोळी पेंड, कडुनिंबाचा फवारा टबाजवळ आणू नका. माझे दोन उलटे तरंगले होते.

मासे नको असतील तर पाणी दिसूच देऊ नका. खडीचा थर जाड करा आणि पाणी खडीच्या दोन बोटं खाली ठेवा. झाडाला तेवढं पुरतं, डासाला बसायला पृष्ठभाग मिळत नाही. झाडांच्या मुळांतून सांडपाणी गाळतात त्या रूट झोन पद्धतीत हीच युक्ती असते.

तिसरा_मजला | २१ मे, सकाळी ९.५५

खडीवालं पटलं. धन्यवाद.

गोदेकाठी | २१ मे, रात्री १०.३०

अवांतर: पुरात झाडं जातात आणि लव्हाळी राहतात हे आपण शाळेपासून ऐकत आलो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या डोक्यावरून गेलं तेव्हा मी पुलावर होतो. पूर ओसरल्यावर घाटावर काय राहिलं? गाळ, प्लॅस्टिक आणि काँक्रीट. वाकून उभं राहायला काठावर लव्हाळं होतंच कुठे. असो, चालू द्या.

मागचं_अंगण | २२ जून, रात्री ९.४०

अपडेट. मामांच्या चारीतून एक गड्डा आणला. मामा म्हणाले, 'हे न्यायला नाशिकहून आलास? शिकलेली माणसं.' वर पिशवीत कांदे घातले, म्हणजे येणं अगदीच वाया जायला नको. काडी फिरवली, तीन कडा लख्ख लागल्या. ताईंनी सांगितल्याप्रमाणे टब पुरला, तिरका लावला, खडी टाकली. बायकोनं विचारलं, या टबात नक्की काय आहे? म्हटलं चिखल. ती म्हणाली, तो आधीही होता.

मागचं_अंगण | ३ ऑगस्ट, दुपारी ४.२०

पंधरा काड्या, सर्वांत उंच माझ्या छातीएवढी. गच्च्यांचं पाणी टबाभोवती साचतं, पण आता मी तिथे उताराला धरून छोटी चर काढून कर्दळ लावलीय. पाणी महिनाभर नाही, दोन दिवस थांबतं. चिखलात टाचण्या (चतुरासारखे नाजूक कीटक) येतात, निळ्या, काडीला चिकटून झोपतात.

आता वाईट बातमी. टबापासून हातभर अंतरावर, शेवंतीच्या वाफ्यात, चकचकीत गडद हिरवी पात आलीय. तिधारी. उपटली, आठवड्यात चार आल्या. बोदावरचा, तुम्ही आहात का?

बोदावरचा | ३ ऑगस्ट, रात्री ८.३०

आहे की. वाटच बघत होतो.

गड्ड्याची माती कुठे झटकली? त्या वाफ्यातच ना? त्या मातीत आमची गाठ आली. मामांच्या चारीत तुमचा कसेरू, तर बांधावर आमचा लव्हाळा असणारच. बाहेरून आणलेला गड्डा आधी बादलीत खळखळून धुवायचा, माती वेगळी टाकायची. बोलायला हवं होतं, पण मी तेव्हा तुम्हाला हसण्यात गुंग होतो.

आता ऐका. उपटू नका, उपटून चारच्या आठ कराल. माती ओली असताना खुरप्यानं वीतभर खोल, गाठीसकट, दोऱ्यासकट उचला. दोरा तुटला तर मागोवा घेत जा, पुढची गाठ तिथेच असते. काढलेलं बांधावर टाकू नका, फरशीवर कडक उन्हात वाळवा. दर आठ-दहा दिवसांनी फेरी. पात तीन-चार पानांची झाली की लगेच काढायची, गाठीतला साठा संपत जातो. सावली त्याला सोसत नाही, शेवंती दाट होऊ द्या. माझ्या चार एकरांत हे जमत नाही, तुमच्या वाफ्यात जमेल.

उटणं_आणि_बरंच | ३ ऑगस्ट, रात्री ८.५०

गाठी फेकू नका!! दिवाळी जवळ आलीय.

निवृत्त_मास्तर | ४ ऑगस्ट, सकाळी ७.००

कसेरूच्या नव्या कोंबाशी गल्लत करू नका. कसेरूचा कोंब जाड, फिकट, टबाच्या आतच. बाहेर आलेलं नाजूक, गडद, ते नागरमोथ्याचं. शंका आली तर गाठ कापून वास घ्या.

मागचं_अंगण | १६ नोव्हेंबर, सकाळी ११.१०

शेवटची पात ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघाली. मोजून एकोणतीस गाठी. धुऊन, वाळवून उटणंवाल्या ताईंकडे पोचवल्या, त्यांनी पाडव्याला उटण्याची पुडी पाठवली.

कसेरूला तुरा आलाय. परवा सकाळी दोन मुनिया पानाच्या कडेची चिरफळी काढून नेत होत्या. एकीनं टोकाशी चोचीत धरून मागे उडायचं, पट्टी सोलत सोलत पानाच्या बुडापर्यंत जायची, तिथे तुटायची नाही, मग लोंबकळत झटापट. दोनदा हरली. तिसऱ्यांदा हातभर पट्टी घेऊन गेली ती शेजाऱ्यांच्या एसीमागे. पेव्हर ब्लॉकचं कोटेशन अजून फ्रिजवर चिकटवलेलं आहे.

बोदावरचा | १६ नोव्हेंबर, दुपारी २.०५

दादा, छाटणीनंतरची धांदल जरा कमी झालीय. आमच्या जनावरांच्या हौदाचं सांडलेलं पाणी गोठ्यामागे साचतं, कायम दलदल असते. तिथे टब पुरून तुमचा कसेरू बसेल का? जूनमध्ये विभागणी कराल तेव्हा दोन पिलं ठेवा. पण धुऊन. लव्हाळ्याची एक गाठ जरी सोबत आली तर टबासकट पाथर्डी फाट्यावर परत आणून ठेवीन.

मागचं_अंगण | १६ नोव्हेंबर, दुपारी २.३०

तीनदा धुऊन, मुळं तुमच्यासमोर उलगडून देतो. येताना द्राक्षं आणा.

बोदावरचा | १६ नोव्हेंबर, दुपारी २.३२

जूनमध्ये द्राक्षं? मास्तर, यांना जरा शिकवा.